खाऱ्या पाण्यातला फोल्डिंग चाकू सोलापुरात येऊन का मरतो

(शॉट: उजनीचं बॅकवॉटर, काठावर गळ टाकून बसलेली पोरं)

उजनीला गळ टाकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या खिशात एक फोल्डिंग चाकू असतो. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, कापायचा, चिलापी साफ करायची, पातं पँटला पुसायचं आणि परत खिशात. वर्षानुवर्षं तो चाकू काही कटकट करत नाही, कारण गोडं पाणी लै माफ करतं बघा. पण हीच पोरं शुक्रवारी रात्री गाडी काढतात, मंगळवेढा सांगोला मिरज करत आंबा घाट उतरतात आणि सकाळी रत्नागिरीच्या खडकावर तांबोशी माशाच्या नादात उभी राहतात, तेव्हा खिशात चाकू तोच असतो. आणि मग काही ट्रिपांतच तो उघडताना करकर करायला लागतो, क्लिपचे स्क्रू तांबडे होतात, आणि दुकानदाराला शिव्या बसतात की स्टेनलेस म्हणून काय गळ्यात मारलंस.

दुकानदाराची चूक असतेच असं नाही.

(शॉट: खडकावर फुटणारी लाट, ओला हात, उघडं पातं)

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. स्टेनलेस पोलाद गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे, हवेतला ऑक्सिजन घेऊन ते वर एक पातळ थर धरतं, डोळ्याला दिसतही नाही. मिठातला क्लोराइड नेमका हाच थर फोडतो, सगळीकडे नाही, टिपक्या टिपक्यांनी. म्हणून पात्यावर आधी काळे ठिपके दिसतात आणि खाली बारीक खड्डा पडलेला असतो.

आता गंमत ऐका. महागडा चाकू घेतला म्हणजे टिकेल असं सगळ्यांना वाटतं. डी-२ नावाचं पोलाद आहे, धार जबरदस्त धरतं, त्यात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास, पण कार्बन दीड टक्का. हा कार्बन क्रोमियमला धरून बसतो, कार्बाइड करतो, मग गंज अडवायला मोकळं क्रोमियम उरतंच कमी. उलट स्वस्तातलं ४२० पोलाद, धारेला मऊ, दगडावर सारखं घासावं लागतं, पण खाऱ्या पाण्यात ते डी-२ पेक्षा जास्त टिकतं. धार आणि गंज यांचं हे भांडण जुनंच आहे. जपानी एच-१ पोलादात कार्बन अगदी कमी ठेवून नायट्रोजन घातलाय, ते समुद्रात जवळजवळ गंजतच नाही, पण साधी धार लवकर जाते, म्हणून त्याची दातेरी पाती बरी पडतात, ब्रेडेड लाइन, म्हणजे धागे विणून केलेली गळाची दोरी, तर दातेरी पात्यानेच पटकन तुटते. एलसी-२००-एन आणि २०२१ ला आलेलं मॅग्नाकट, ही दोन्ही पोलादं धार आणि गंज बऱ्यापैकी सांभाळतात, पण किंमत बघून घरचे विचारतात की मासा सोन्याचा आहे का.

(शॉट: खोललेला चाकू, वॉशर, स्क्रू, स्प्रिंग पांढऱ्या कपड्यावर मांडलेले)

माझं म्हणणं असं की पात्यावर एवढी चर्चा करून उपयोग नाही, कारण चाकू पात्यात मरत नाही, सांध्यात मरतो. वॉशरखाली, लायनरच्या म्हणजे मुठीच्या आतल्या धातूच्या पट्टीच्या मागे, स्क्रूच्या आट्यांत पाणी शिरतं आणि तिथेच अडकतं. तिथे ऑक्सिजन पोचत नाही त्यामुळे तो थर परत धरत नाही, क्लोराइड साठत जातो, पाणी आम्लधर्मी होतं आणि गंज आतल्या आत पळतो, बाहेरून पातं चकाचक. त्यात स्क्रू आणि क्लिप बऱ्याचदा पात्यापेक्षा हलक्या पोलादाचे. बॉल बेअरिंगवाला चाकू टेबलावर भारी फिरतो, पण त्या बारक्या स्टीलच्या गोळ्यांत मीठ आणि वाळू गेली की झालं. मासेमारीला ब्राँझचे वॉशर बरे आणि मूठ नायलॉनची, लाकडाची नको, फुगते.

आणि हे सगळं होतं कुठं? बहुतेक वेळा कोकणात नाही, परतीच्या गाडीत आणि आपल्या घरी. ओल्या टॉवेलात गुंडाळलेला चाकू, बंद डिकी, वर ऊन. सोलापूरची हवा कोरडी, इथं कसला गंजतोय, असं म्हणून लोक बॅग आठवडाभर उघडत नाहीत. पण समुद्राच्या मिठात नुसतं सोडियम क्लोराइड नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते हवेत ३३ टक्क्यांच्या वर ओलावा असला की पाणी ओढून घेतं. मे महिन्याच्या दुपारी नसेल तेवढा ओलावा, पण रात्री, आणि पावसाळ्यात तर असतोच की. म्हणजे आपल्याला वाटतं चाकू वाळला, सांध्यात मात्र खारट ओल बसलेलीच.

(शॉट: बादली, जुना टूथब्रश, सोलापुरी टॉवेल)

म्हणून धुणं तिथेच, गाडी सुरू करायच्या आधी. बाटलीभर गोडं पाणी वेगळं ठेवा, चाकू उघडा, पाण्यातच चार-सहा वेळा उघडझाप करा म्हणजे सांध्यातलं मीठ निघेल. घरी आल्यावर कोमट पाणी, ब्रश, परत तेच. मग पुसायला आपला टेरी टॉवेल आहेच, गावात त्याची कमी नाही, आणि उघडाच ठेवून रात्रभर वाळू द्या. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, काही दिवसांनी चिकट होतं आणि वाळू धरून ठेवतं. डब्ल्यूडी-४० पाणी बाहेर काढायला ठीक, पण त्याचा थर पातळ, त्यावर भागवू नका.

(शॉट: लॉकची खाच जवळून, आत खवला)

शेवटचं लॉकचं, आणि इथं मी जरा कडक बोलणार. गंजाने चाकू कुरूप होतो, लॉकने बोट जातं. बॅक लॉक म्हणजे मुठीच्या पाठीवरचा, उघडं पातं धरून ठेवणारा लॉक. त्याच्या खाचेत एक खवला, कोळंबीचा तुकडा किंवा थोडी वाळू बसली की लॉक पूर्ण बसत नाही, वरून बसल्यासारखं वाटतं, आणि शिंगाडा माशाचं डोकं फोडताना जोर लावला की पातं मिटतं, हात तर आधीच बुळबुळीत असतो. त्यामुळे प्रत्येक वेळी उघडल्यावर नीट टक आवाज आला का बघा, आणि बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याच्या पाठीवर तळव्याने दाबून बघा. जरा जरी सरकलं तर आधी खाच साफ करा. साफ करूनही सरकलं तर तो चाकू घरी खोकी फोडायलाही ठेवू नका, सरळ बाद करा. आणि खडकावर मासा कापायला तसाही फोल्डिंग कशाला, म्यानातली साधी सुरी न्या, तिला सांधाच नाही, वरून तांबडी झाली तरी घासून परत चालते. फोल्डिंग खिशात राहू द्या, तंगूस कापायला.