छातीच्या वॉर्डातलं पहिलं वर्ष

[दृश्य : वॉर्ड, सकाळची ओव्हर]

सोलापुरातला छातीच्या विकारांचा एक वॉर्ड. रात्रपाळीच्या सिस्टर एकेका बेडची ओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या पाळीला, देत पुढे सरकतायत. मागे वह्या घेऊन चाललेल्या तिघी नवीन आहेत. कोणी ३ वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलंय, कोणी ४ वर्षांचं बीएस्सी नर्सिंग. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली, म्हणजे कायद्याने त्या पूर्ण नर्स आहेत. तरी या वॉर्डात त्यांना अजून एकटीला पेशंट दिलेला नाही, आणि तेच योग्य आहे.

[दृश्य : बेडखालची बाटली, जवळून]

ही बाटली पाहा. पेशंटच्या फुफ्फुसाभोवती हवा साठली होती. बरगड्यांमधून घातलेल्या नळीचं टोक इथे पाण्यात बुडलंय. श्वासागणिक नळीतलं पाणी वर-खाली होतंय, म्हणजे नळी चालू आहे. हलायचं थांबलं, तर एकतर फुफ्फुस पूर्ण फुललं, नाहीतर नळी मुडपली किंवा तुंबली. यातलं काय झालं, ते पेशंटकडे बघितल्याशिवाय कळत नाही. एक्स-रेला नेताना बाटली छातीच्या खालीच राहिली पाहिजे. वर उचलली तर पाणी उलटं छातीत शिरू शकतं. बुडबुडे येत असताना नळीला चिमटा लावायचा नाही. इन्चार्ज सिस्टर एवढं सांगून थांबत नाहीत. नवीन मुलीच्या हातात बाटली देतात, तिला ट्रॉलीबरोबर लिफ्टपर्यंत चालवतात आणि स्वतः दोन पावलं मागे राहतात.

ऑक्सिजनचंही तसंच. फ्लोमीटरमध्ये ऑक्सिजनचा प्रवाह दाखवणारी तरंगती गोळी असते, ती मधोमध वाचायची, हे पहिल्या दिवशी कळतं. किती द्यायचा, हे कळायला वेळ लागतो. बहुतेकांचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९४ ते ९८ टक्के ठेवतात. पण सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजाराच्या, ज्या पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठण्याची भीती असते, त्याला ८८ ते ९२ पुरे. नातेवाईक मागे लागतात, “सिस्टर, वाढवा ना थोडा!” नवखा हात गोळी वर न्यायला जातो. जास्त ऑक्सिजनने अशा पेशंटला गुंगी येते. घरच्यांना वाटतं, चला, जरा डोळा लागला. ती झोप नसते.

श्वास मोजायचा पूर्ण एक मिनिट, तोही न सांगता, कारण सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. म्हणून मनगट धरायचं नाडीसाठी आणि नजर ठेवायची छातीवर.

[दृश्य : खिडकीशी बसलेल्या मावशी, हातात पंप]

इथे येतात ती माणसं सोलापूरच्या कामधंद्यातूनच येतात. जुन्या गिरण्यांतले, पूर्व भागातल्या यंत्रमागांवरचे कामगार, घरी विड्या वळणाऱ्या बायका, चुलीच्या धुरात जन्म काढलेल्या खेड्यातल्या आज्या. सुट्टीनंतर कामावर गेल्यावर पहिल्याच दिवशी छाती आवळते का, हे सुताच्या धुळीत काम केलेल्याला विचारायलाच हवं. मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, ज्याला जे कळेल त्यात.

मावशी पंप आधी दाबतात आणि श्वास नंतर ओढतात. औषध जिभेवरच राहतं. “मावशी, परत. पूर्ण सोडा… आता हळू आत घ्या, घेता घेताच दाबा… धरा, १० म्हणेपर्यंत.” ही मुलगी घाई करत नाहीये. तिला घाई करू न देणारं कोणीतरी शेजारी उभं आहे.

हे सगळं न शिकता एकटीवर नाइट पडली, तर पेशंट भोगतो आणि ती मुलगीही.

[दृश्य : ड्युटीचा तक्ता]

गंभीर रुग्णांच्या शुश्रूषेसाठी भारतीय परिचर्या परिषदेचा २ वर्षांचा निवासी नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आहे. पण तो पदवीनंतरचा, आणि प्रवेशाला आधी एक वर्षाचा अनुभव लागतो. ते वर्ष कोणाच्या हाताखाली जाणार, ते ज्याच्या-त्याच्या नशिबावर. या वॉर्डात चाललंय तसं शिक्षण प्रत्येक नव्या नर्सला मिळायला हवं, पूर्ण पगारावर आणि ठरलेल्या मुदतीचं. शिकवणाऱ्या सिस्टरच्या वाट्याचे पेशंट तेवढे महिने कमी करायला हवेत, आणि ते या तक्त्यावर लिहिलेलं दिसायला हवं.