दोरा आणि वारा

(दृश्य: पृथ्वीचा गोल, दोन बोटं, लाल दोरा)

हा दोरा नीट बघा. एक टोक सिंगापूरच्या चांगी विमानतळावर, दुसरं न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळावर. भिंतीवरच्या नकाशात आपण सरळ आडवी रेघ मारली असती. गोलावर दोरा ताणला, की तो घसरत वर सरकतो आणि उत्तर ध्रुवाच्या शेजारी जाऊन बसतो. एक विमानतळ १०४ अंश पूर्वेला, दुसरा ७४ अंश पश्चिमेला. पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजू!

हिशेब पेन्सिलीने जमतो. चांगीपासून ध्रुव ८८.६ अंश, तिथून खाली न्यूयॉर्क ४९.४. बेरीज १३८. एका अंशाला साधारण १११ किलोमीटर, म्हणजे अंतर १५,३०० किलोमीटरच्या थोडं वर.

(दृश्य: विमान धावपट्टीवर, रात्र)

अंतर विचारलं की हाच आकडा मिळतो. पण न्यूयॉर्कला निघालेलं विमान बहुतेक वेळा या दोऱ्यावरून जातच नाही. ते जपानच्या बाजूने पॅसिफिक ओलांडतं. वाट लांबते, वेळ मात्र वाचतो. कारण वर वारा आहे.

(दृश्य: खिडकीतून ढगांचे लांबलचक पट्टे)

हाच तो झोतवारा, जेट स्ट्रीम. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे. हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या कितीतरी पुढे जातो. वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात ततेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडले, ते कुठे वाहत जातात ते टिपलं आणि हा वारा मोजला. जगभर वाचलं जावं म्हणून १९२६ साली त्याने ते निष्कर्ष एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापले. फारसं कुणी वाचलं नाही. आज प्रत्येक लांबच्या उड्डाणाआधी जमिनीवर बसलेला डिस्पॅचर याच वाऱ्याचा ताजा अंदाज बघून मार्ग आखतो. कालची वाट आज चालेलच असं नाही.

(दृश्य: आसनापुढचा पडदा, वेगाचा आकडा)

विमान हवेत ताशी ९००च्या आसपास चाललंय. वारा पाठीशी आहे, म्हणून जमिनीवरून मोजलेला वेग हजाराच्या वर गेलाय. परतीला हाच वारा समोरून येतो. मग त्याला टाळत अटलांटिकवरून किंवा थेट उत्तरेकडून वाट काढायची.

(दृश्य: पंखाखाली जोडलेली इंधनाची जाड नळी)

या मार्गासाठी घडवलेल्या एअरबस ए३५०च्या टाक्यांत १,६५,००० लीटर इंधन मावतं. आसनं फक्त १६१, पुढचा मालाचा कप्पा बंद. यातलं बरंचसं इंधन वाटेत जळतं. प्रवास एवढा लांब, की वैमानिक आळीपाळीने झोपतात.

(दृश्य: पहाट, खाली दिव्यांची किनार)

सुमारे साडेअठरा तास. मध्यरात्रीच्या आसपास निघालेलं विमान पहाटे उतरतंय. चांगीत आता संध्याकाळ झाली आहे.

(दृश्य: चाकं टेकतात. निवेदन नाही.)