गिऱ्हाईक काय टाइप करतंय ते आधी ऐका

नमस्कार मंडळी. मागं उभे आहेत त्यांनी पुढं या की जरा, इथं दोन ओळी रिकाम्या आहेत. हां, आता बरं.

मी गेली बरीच वर्षं आपल्या भागातल्या दुकानदारांच्या, बचत गटांच्या आणि ब्लॉग लिहिणाऱ्या पोरापोरींच्या वेबसाइट बघते आणि बहुतेक ठिकाणी एकच अडचण दिसते. माल चांगला, फोटो चांगले, लिहिलेलं पण शुद्ध, खरं शोधणाऱ्या माणसाच्या तोंडात जो शब्द आहे तो त्या पानावर कुठंच नाही. कीवर्ड कीवर्ड म्हणतात तो हाच शब्द, यापेक्षा वेगळं काही नाही त्यात.

बेळगावच्या शहापुरातल्या एका साडीच्या दुकानाचं सांगते. काकांनी वेबसाइट करून घेतली होती, वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'पारंपरिक व आधुनिक वस्त्रप्रावरणांचे विश्वसनीय दालन'. मी तुळशीच्या लग्नानंतर एक दिवस सकाळपासून त्यांच्या गादीवर बसून राहिले, फक्त फोन ऐकायला. चंदगडहून फोन, सावंतवाडीहून फोन, गोव्याहून फोन, आणि सगळ्यांचं बोलणं एकच, बस्ता बांधायला यायचंय, रविवारी दुकान उघडं असतंय काय. बस्ता, बस्ता, बस्ता. दिवसभरात वस्त्रप्रावरण हा शब्द एकानंही काढला नाही. मी विचारलं, काका, बस्ता हा शब्द तुमच्या वेबसाइटवर का नाही हो? तर म्हणाले, अगं ते गावठी दिसतंय.

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. ज्या शब्दावर ते घर तीस वर्षं चाललंय, जो शब्द आपल्या आया-मावश्यांच्या तोंडात आहे, तो आपल्याला लिहायला कमीपणाचा वाटतो. मग आम्ही एक नवीन पान केलं, त्याला शीर्षक दिलं 'लग्नाचा बस्ता, शहापूर बेळगाव' आणि खाली लोक फोनवर जे विचारतात तेच लिहिलं. नऊवारी कुठल्या कुठल्या, शालू केवढ्यापासून, मानपानाच्या साड्या एकगठ्ठा घेतल्या तर काय भाव, टॉवेल-टोपी मिळते काय, रविवारी किती वाजेपर्यंत, गाडी कुठं लावायची, स्टँडवर उतरलं तर रिक्षा कुठून. पुढच्या लग्नसराईत लोक फोनवर सांगायला लागले की गूगलवर बस्ता म्हणून टाकलं तर तुमचं नाव आलं. काका अजून तो शब्द उच्चारताना जरा दबकतात, खरं पान काढू देत नाहीत आता.

म्हणून पहिलं काम कुठल्या टूलवर नाही, गल्ल्यावर आहे. एक वही ठेवा आणि पंधरा दिवस गिऱ्हाईक ज्या शब्दात विचारतंय तो शब्द जसाच्या तसा लिहून घ्या, शुद्ध करायला जाऊ नका. व्हॉट्सॲपवर आलेले मेसेज पण उतरवा, कारण तिथं माणूस ज्या घाईनं लिहितो तसाच तो सर्चमध्ये लिहितो.

आता आपल्या गावाच्या नावाचं घ्या. घरात आपण बेळगाव म्हणतो. सरकारी कागदावर 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी आहे, त्या दिवशी कर्नाटकातल्या एकूण 12 शहरांची नावं बदलली. इंग्रजी लिपीत जुनं स्पेलिंग यूएम नं संपतं, नवं व्हीआय नं. हिंदीत लिहिणारा बेलगाम लिहितो, आपल्यातलेच काहीजण अनुस्वार देऊन बेळगांव लिहितात आणि कन्नड लिपीतलं आणखी वेगळं. एका गावाची पाच-सहा रूपं झाली बघा. या नावाबद्दल आपल्या लोकांच्या मनात काय आहे ते मला कुणी सांगायला नको, माझ्या घरातही तेच आहे. तरी मी तुम्हाला सांगते की पान लिहिताना बंगळुरात नोकरी करणारी ती पोरगी डोळ्यासमोर आणा, जी शाळेपासून बेळगावी हेच स्पेलिंग बघत आलीय आणि जिला घरी न्यायला कुंदा, आपली ती खव्याची मिठाई, पाहिजे आहे. ती तेच टाइप करणार. शीर्षकात बेळगाव ठेवा, अभिमानानं ठेवा, पत्त्यात आणि 'कसं यायचं' या परिच्छेदात बेळगावी येऊ द्या. जुनं आणि नवं नाव एकाच गावाचं आहे हे गूगलला बऱ्यापैकी कळतं, त्यामुळं सगळी स्पेलिंग एका ओळीत ओतायची गरज नाही, एकेकदा जागच्या जागी आलं की पुरे.

कुठलं रूप कुठं जास्त चालतंय हे बघायला गूगल ट्रेंड्स आहे, फुकट आहे, 2004 पासूनचं दाखवतं. त्यात दोन स्पेलिंग शेजारी शेजारी टाका आणि खाली राज्यवार बघा, महाराष्ट्रात कुठलं, गोव्यात कुठलं, कर्नाटकात कुठलं. फक्त टाकताना 'सर्च टर्म' निवडा, 'टॉपिक' निवडलं तर ते सगळी रूपं एकत्र मोजतं आणि आपल्याला जे बघायचंय तेच झाकलं जातं. आणि तिथला 100 आकडा म्हणजे शंभर माणसं नव्हेत हं, तो त्या काळातला सगळ्यात वरचा टप्पा, बाकी सगळं त्याच्या तुलनेत.

दुसरं उदाहरण रताळ्याचं. आपल्या तालुक्याच्या पश्चिम भागात रताळी किती होतात ते तुम्हाला माहीत आहे, आणि माल पार उत्तरेत दिल्लीकडं जातो. एका शेतकऱ्याच्या मुलानं रताळी विकायला पान केलं, नाव 'बेळगावची रताळी', आणि मग मला म्हणाला की अक्का लोक येतात खरं फोन कुणीच करत नाही. आम्ही बसून बघितलं तर मराठीत रताळी टाइप करणाऱ्याला बहुतेक वेळा उपवासाचा कीस करायचा असतोय, त्याला ट्रकभर माल नको. ट्रकभर माल ज्याला पाहिजे तो व्यापारी शकरकंद म्हणतो, नाहीतर इंग्रजीत स्वीट पोटॅटो होलसेल असं लिहितो, हुबळीकडचा असला तर गेणसू म्हणतो. वस्तू एक, खरं शब्द बदलला की शब्दामागचा माणूस बदलतो आणि त्याला काय पाहिजे तेही बदलतं. हे ज्याला कळलं त्याला कीवर्डमधलं निम्मं कळलं असं मी म्हणेन.

कुंद्याचंही तसंच. 'कुंदा कसा करायचा' विचारणारी बाई स्वयंपाकघरात उभी आहे, 'कुंदा किलोचा भाव' विचारणारा पाकीट हातात घेऊन आहे आणि 'कुंदा किती दिवस टिकतो' विचारणारा पुण्याला निघालाय. तिघांना एकाच पानावर ओढू नका, प्रत्येकाला त्याचं उत्तर सरळ द्या. रेसिपीचं पान विक्री करत नाही म्हणून ते लिहू नये असं नाही, खरं त्या पानाकडून विक्रीची अपेक्षा धरून निराश होऊ नका.

आता एक खास मराठीची गोष्ट, जी इंग्रजीतल्या व्हिडिओंमध्ये तुम्हाला कुणी सांगणार नाही. आपली भाषा विभक्तीची आहे. बस्ता, बस्त्याला, बस्त्याचे, बस्त्यासाठी. रताळं, रताळी, रताळ्यांचा. बेळगाव, बेळगावात, बेळगावचा. कुठला शब्द किती जण शोधतात ते सांगणारी, गूगलच्या कीवर्ड प्लॅनरसारखी टूल यातलं एकेक रूप सुटं सुटं दाखवतात, त्यामुळं प्रत्येक रूपाचा आकडा छोटा दिसतो आणि माणूस समजतो की मराठीत कोण शोधतच नाही. सगळी रूपं वहीत एकाखाली एक लिहा आणि मग विचार करा. आणि शोधणारा काय करतो, तो प्रत्यय गाळतो. 'बेळगावात लग्नाच्या बस्त्यासाठी चांगली दुकाने' असं कोण टाइप करत बसत नाही, तो लिहितो 'बेळगाव बस्ता दुकान'. म्हणून शीर्षकात मूळ रूप एकदा तरी उघडं आलं पाहिजे, आत मजकुरात मग आपण बोलतो तसं प्रत्यय लावून लिहा. वाक्याचा अर्थ ओळखण्यात गूगल सुधारलंय, 2019 मध्ये त्यांनी बर्ट नावाची पद्धत आणली आणि पुढं कितीतरी भाषांना लावली, तरीपण शीर्षकात साधा उघडा शब्द असला की माणसालाही पटकन दिसतो. तो पान उघडणार की नाही ते शेवटी तिथंच ठरतं.

इंग्रजी अक्षरात मराठी लिहिणारेही पुष्कळ आहेत, 'लग्नाचा बस्ता' ते रोमन लिपीत टाइप करतात. गूगल ते कधी ओळखतं, प्रत्येक वेळी जमतंच असं नाही. त्यासाठी अख्खं पान रोमनमध्ये लिहू नका, वाचवत नाही ते. पानाच्या लिंकमध्ये ते शब्द रोमन अक्षरात ठेवा. लिंकमध्ये देवनागरी ठेवली तर चालते, खरं कॉपी करून पाठवली की बऱ्याचदा टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोक घाबरून दाबत नाहीत.

आणि एक फार महत्त्वाचं, फॉन्ट. आपल्याकडं डीटीपीवाल्याकडून जाहिरात करून घेतात आणि तोच मजकूर वेबसाइटवर चिकटवतात. छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये डोळ्याला मराठी दिसतंय, खरं आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, सर्च इंजिनला तिथं 'बेळगाव' दिसतच नाही, काहीतरी अर्थहीन दिसतं. युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप करतो त्या पद्धतीत, परत टाइप करून घ्या. तपासायची सोपी रीत, मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा, मराठी राहिलं तर ठीक. भावाचं पत्रक नुसतं फोटो म्हणून टाकलं असेल तर त्यातले भाव खाली अक्षरातही लिहा.

काहीजण तुम्हाला येऊन सांगतील की आम्ही पाचशे कीवर्ड भरून देतो, एवढे पैसे द्या. ते जिथं भरतात ती पानाच्या आतली, वाचणाऱ्याला न दिसणारी ओळ असते, तिला मेटा कीवर्ड टॅग म्हणतात. गूगलनं 2009 मध्येच जाहीर सांगितलंय की क्रमवारी ठरवताना आम्ही तो टॅग बघत नाही. आणि मजकुरात एकच शब्द कोंबला तर तो त्यांच्या नियमात स्पॅम धरला जातो. घाम गाळून मिळवलेले पैसे असल्या कामाला देऊ नका, मी हात जोडून सांगते.

ब्लॉग लिहिणाऱ्या मुलांसाठी. 'गोकाक धबधबा' या दोन शब्दांवर लिहायला गेलात तर मोठमोठ्या प्रवासाच्या साइट पुढं उभ्या आहेत, घटप्रभा नदी, 52 मीटर उंची, हे सगळं सगळ्यांनी लिहून ठेवलंय. तुम्ही तिथं राहता. बेळगावहून एसटीनं गोकाकला कसं जायचं, धबधब्याला पाणी नेमकं कधी भरपूर असतंय, म्हाताऱ्या आईला घेऊन कुठपर्यंत चालता येतंय, येताना करदंट, ती सुकामेव्याची मिठाई, कुठं घ्यायचा, हे बाहेरून कुणाला लिहिता येत नाही. अशी लांब वाक्यं शोधणारे थोडे असतात, खरं जो येतो तो पूर्ण वाचतो. गूगल स्वतः सांगतं की रोजच्या शोधांपैकी साधारण 15 टक्के शोध आधी कधीच कुणी केलेले नसतात. म्हणजे माणसं रोज नव्या तऱ्हेनं विचारतात, आणि टूलच्या यादीत नाही म्हणून तो प्रश्न नाहीच असं होत नाही. सर्चच्या चौकटीत 'गोकाक धबधबा' लिहून एक स्पेस द्या आणि खाली काय सुचवतंय ते बघा, मग क, मग प, असं एकेक अक्षर टाकून बघा, एका बैठकीत दहा लेखांचे विषय निघतात.

पान चालू झालं की त्याला सर्च कन्सोल हे गूगलचं फुकट टूल जोडा. कुठले शब्द टाकल्यावर तुमचं पान लोकांना दिसलं, किती जणांनी दाबलं, सरासरी कितव्या जागी होतं, मागच्या 16 महिन्यांचं सगळं तिथं मिळतंय. मी त्यात आधी हे शोधते की पान दिसतंय पुष्कळ वेळा आणि दाबत कुणीच नाही असा शब्द कुठला, तिथं शीर्षक बदलायचं असतं. लगेच उद्या फरक दिसणार नाही, काही आठवडे जाऊ द्या आणि रोज उठून बदलू नका.

एका ताईंनी मघाशी चिठ्ठी पाठवली, कन्नडमध्ये पण लिहायचं का. लिहा की. आपली निम्मी गिऱ्हाइकं बैलहोंगल, सौंदत्ती, धारवाडकडून येतात, त्यांच्याशी आपण काउंटरवर कन्नडच बोलतो ना. वेगळं पान करा, मराठी पानावरून त्याला लिंक द्या, आणि मशीनकडून भाषांतर करून घेऊ नका. त्या शहापूरच्या काकांच्या दुकानात साड्या दाखवणारी एक कन्नड बाई आहे, आम्ही तिलाच विचारलं की तुमच्याकडं बस्ता बांधायचा असला तर काय म्हणता. मशीननं लग्नाचे कपडे असं काहीतरी केलेलं, ती एका दमात म्हणाली, 'मदुवे जवळी'. तोच शब्द आम्ही कन्नड पानाच्या शीर्षकात घातला.