नावापुढचं छोटं वर्तुळ

(दृश्य: संगणकाचा पडदा. मजकुराचं लांबलचक पान हळूहळू वर सरकतंय.)

फ्रीबीएसडी ही मुक्त स्रोत ऑपरेटिंग सिस्टीम. कोणीही उतरवून घ्यावी, बदलावी, विकावी. कोणी आडवं येत नाही. तिचं एक जाडजूड माहितीपुस्तक आहे. त्याला हँडबुक म्हणतात आणि ते बरंचसं स्वयंसेवकांनी लिहिलंय. या पुस्तकात पहिल्या प्रकरणाच्या आधी, सहसा कोणी वाचत नाही अशा जागी, एक यादी आहे. फ्रीबीएसडी हे फ्रीबीएसडी फाउंडेशनचं नोंदणीकृत व्यापारचिन्ह, म्हणजे ट्रेडमार्क. लिनक्स हे त्या नावाच्या मुक्त प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचं. मग इंटेल, आयबीएम, ॲपल, मायक्रोसॉफ्ट. आणि मध्येच हायडेलबर्ग.

हायडेलबर्ग म्हणजे छपाईयंत्रं बनवणारी जर्मन कंपनी. हेल्व्हेटिका, पॅलाटिनो, टाइम्स रोमन ही टाइपांची नावं या यादीत तिच्या नावावर मांडलेली आहेत. ऑपरेटिंग सिस्टीमच्या पुस्तकात फॉन्टचाही विषय निघतो, म्हणून हे पाहुणे यादीत.

(दृश्य: त्याच पानाची मूळ फाइल. सुरुवातीच्या काही ओळी मोठ्या करून दाखवल्या आहेत.)

२०२१ पासून हे दस्तऐवज आस्कीडॉक नावाच्या साध्या मजकुराच्या पद्धतीत लिहिले जातात. फाइलच्या डोक्यावर ट्रेडमार्क्स अशी एक ओळ असते आणि तिच्यात कंसात छोटी नावं. त्या नावांवरून पानावरची यादी आपोआप तयार होते. शेवटचं नाव कुठल्याच कंपनीचं नसतं. तिथे ‘जनरल’ एवढंच लिहिलेलं असतं आणि त्यातून एक सरसकट वाक्य उमटतं. त्याचा आशय असा की, अनेक उत्पादक आपल्या नावांवर व्यापारचिन्ह म्हणून हक्क सांगतात. प्रकल्पाला त्याची कल्पना होती तिथे त्या नावापुढे तसं चिन्ह, म्हणजे टीएम किंवा छोट्या वर्तुळातला आर, दिलंय. ‘कल्पना होती तिथे’ हे शब्द कोणी पोटासाठी वकिली करणाऱ्यानेच सुचवले असावेत असं वाटतं. शब्द थोडे, पण सगळं ओझं तेच उचलतात.

यादी मात्र आपोआप ताजी राहत नाही. सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी २०१० मध्ये ओरॅकलने घेतली. त्यानंतरही कित्येक वर्षं हँडबुकच्या यादीत सन वेगळी आणि ओरॅकल वेगळी. चूक म्हणावी तर कुणाचं काही बिघडलं नाही; पण अशा याद्यांना कुणी वाली नसतो, हे त्यातून कळतं.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. टेलिटाइप यंत्रासमोर बसलेली माणसं.)

ही सगळी खबरदारी कुठून आली, ते पाहायला बेल लॅब्स या अमेरिकी संशोधनशाळेत जावं लागेल. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये तिथे जी प्रणाली सुरू केली ती युनिक्स. इंग्रजीत हे नाव सगळी मोठी अक्षरं वापरून लिहितात. तो काही संक्षेप नाही. छपाईची नवी सोय हाताशी आली होती, छोट्या आकाराची कॅपिटल अक्षरं उमटवता येऊ लागली होती आणि त्या नवलाईत आम्ही नाव तसं छापलं, असं रिची यांनीच नंतर सांगितलं. गंमत म्हणून केलेली ती मांडणी आज नोंदणीकृत रूप आहे आणि दस्तऐवज तपासणारे लोक ते तसंच लिहिण्याचा आग्रह धरतात.

युनिक्सची मालकी एटी अँड टी या टेलिफोन कंपनीकडे होती. विद्यापीठांना मूळ कोड, म्हणजे प्रोग्रामचा लिहिलेला मजकूर, स्वस्तात मिळे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेने त्यात इतकी भर घातली की बीएसडी नावाची वेगळी शाखाच उभी राहिली. आणि १९९२ च्या सुरुवातीला बर्कले सॉफ्टवेअर डिझाइन या छोट्या कंपनीने तिच्यावर आधारलेली प्रणाली मूळ कोडसकट विकायला काढली. किंमत ९९५ डॉलर. एटी अँड टीच्या गोटातल्या प्रणालीच्या तुलनेत ९९ टक्के सूट, अशी जाहिरात.

(दृश्य: जुन्या टेलिफोनचा बटणांचा पट्टा. आकड्यांखालची इंग्रजी अक्षरं स्पष्ट दिसतात.)

अमेरिकेत फोनच्या आकड्यांखाली अक्षरं असतात, त्यामुळे फोन नंबर शब्दासारखा वाचता येतो. या कंपनीने १-८०० नंतर जो नंबर घेतला तो वाचला की व्हायचं: ‘इट्स युनिक्स’. हेच ते युनिक्स!

युनिक्सचा कारभार तेव्हा युनिक्स सिस्टीम लॅबोरेटरीज या एटी अँड टीच्या उपकंपनीकडे होता. त्यांचं पत्र आलं: आमचं नाव लावून माल विकू नका आणि तो नंबर बंद करा. नंबर लगेच बंद झाला. जाहिराती बदलल्या, आमचा माल युनिक्स नाही असा खुलासा त्यात आला. तरी खटला गुदरलाच. त्याचा गाभा नावाचा नव्हता, कोडचा होता. आमची व्यापारी गुपितं यात आहेत, असा दावा होता. पण कज्जा उंबऱ्याशी आला तो एका फोन नंबरवरून.

पुढचा भाग मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत रंगतदार वाटतो. विद्यापीठानेही उलट खटला भरला. त्यांचं म्हणणं असं: तुम्ही आमचा बीएसडी कोड तुमच्या सिस्टीम व्ही या युनिक्समध्ये घेतलात; परवान्याची अट एवढीच होती की आमचं श्रेय नोंदवा; ते तुम्ही नोंदवलं नाहीत. मग मागणी काय? सगळी माहितीपुस्तकं श्रेय घालून पुन्हा छापा, तुमच्या सगळ्या परवानाधारकांना ही चूक कळवा आणि वॉल स्ट्रीट जर्नल, फॉर्च्यून अशा ठिकाणी पानभर जाहिराती देऊन जगाला सांगा.

म्हणजे एकीकडे नाव लावलं म्हणून भांडण आणि दुसरीकडे नाव गाळलं म्हणून. दोन्ही भांडणं एकाच घरातली.

मधल्या काळात नॉव्हेल कंपनीने युनिक्सचा धंदा विकत घेतला आणि जानेवारी १९९४ मध्ये तडजोड झाली. वाद ज्या कोडवर होता त्या बर्कलेच्या वितरणात १८,००० फाइली होत्या. त्यांतल्या ३ काढून टाकायच्या, काहींत किरकोळ बदल करायचे आणि सुमारे ७० फाइलींवर युनिक्सवाल्यांची प्रताधिकाराची (कॉपीराइटची) ओळ घालायची. एवढ्यावर मिटलं. फ्रीबीएसडीही बर्कलेच्या याच कोडवर उभी होती; तिला मात्र त्यापायी आपला पाया बदलावा लागला. नव्या, निर्वेध कोडवर उभी असलेली २.० ही आवृत्ती त्याच वर्षी नोव्हेंबरात आली.

(दृश्य: दोन वाक्यं पडद्यावर एकाखाली एक. पहिल्यावर काट मारली जाते.)

‘फ्रीबीएसडी हे युनिक्स आहे’ असं अधिकृत दस्तऐवजात सहसा सापडणार नाही. ‘युनिक्ससारखी’ असं सापडेल. वंशावळ पाहिली तर रक्त थेट बर्कलेचं. पण नाव रक्तावर मिळत नाही. युनिक्स हे चिन्ह आज द ओपन ग्रुप या संस्थेकडे आहे. जी प्रणाली त्यांच्या चाचण्या पार करते आणि परवाना घेते, तिलाच ते नाव लावता येतं. ॲपलने २००७ मध्ये मॅक ओएस एक्स लेपर्डसाठी हे प्रमाणपत्र घेतलं. त्यामुळे मॅक कायद्याने युनिक्स आणि बर्कलेची सख्खी नात कायद्याने युनिक्ससारखी.

लिनक्सच्या नावावर तर एका तिऱ्हाइताचाच डोळा गेला. लिनस टोरवाल्ड्स यांनी नाव नोंदवलेलं नव्हतं. १९९४ मध्ये बॉस्टनकडच्या एका माणसाने नोंदणीचा अर्ज केला, नोंदणी मिळवली आणि १९९६ मध्ये लिनक्सचा धंदा करणाऱ्यांकडे पैसे मागणारी पत्रं धाडली. वकील उभे राहिले आणि १९९७ मध्ये चिन्ह टोरवाल्ड्स यांच्या नावावर झालं. मुक्त स्रोत प्रकल्पाने नाव नोंदवणं म्हणजे तत्त्वाशी प्रतारणा, असं म्हणणाऱ्यांना मी हा किस्सा ऐकवतो.

(दृश्य: सेंटओएसचं जुनं बोधचिन्ह.)

उलट टोकाचीही गोष्ट आहे. सेंटओएस ही रेड हॅट या लिनक्स विकणाऱ्या कंपनीच्या खुल्या कोडवरून बांधलेली प्रणाली होती. रेड हॅटचं नाव आणि टोपीचं चित्र काढून बाकी सगळं तसंच. २००५ मध्ये रेड हॅटच्या वकिलांचं पत्र गेलं. त्यानंतर सेंटओएसवाल्यांनी आपल्या मजकुरातून ते नाव असं पुसलं की वाचणाऱ्याने डोकं धरावं. ‘उत्तर अमेरिकेतला एक ख्यातनाम एंटरप्राइझ लिनक्स विक्रेता.’ किंवा नुसतं ‘वरचा विक्रेता’. आमच्या आज्या नवऱ्याचं नाव घेत नसत, ‘हे’ म्हणत आणि कोण ते सगळ्यांना कळे, अगदी तसंच. पुढे २०१४ मध्ये रेड हॅटनेच सेंटओएसला आपल्या छत्राखाली घेतलं.

त्यांची भीती समजते. पण इतकं चोरून बोलायची कायद्याला गरज नव्हती, असं माझं मत. एखाद्या वस्तूबद्दल बोलायचं तर तिचं नाव घ्यावंच लागतं. ‘ही प्रणाली अमुक प्रणालीच्या कोडवरून बांधली आहे आणि त्या कंपनीशी आमचा संबंध नाही’ हे प्रामाणिक विधान आहे. व्यापारचिन्हाचा कायदा बघतो ते एवढंच, की वाचणाऱ्याची फसगत होते का. नावाच्या मोठ्या अक्षरांत, बोधचिन्हासकट, आपल्याच मालावर दुसऱ्याचं नाव मिरवलंत तर होते. ‘या कार्डाचा ड्रायव्हर आमच्याकडे चालतो’ असं लिहिलं तर होत नाही.

(दृश्य: मुंबई. अँटॉप हिल, बौद्धिक संपदा भवन. पाटीसमोरून जाणारी माणसं.)

भारतातल्या व्यापारचिन्हांच्या नोंदणीचं मुख्य कार्यालय इथे, अँटॉप हिलला. नोंदणी १० वर्षांची, मग नूतनीकरण. टीएम ही दोन अक्षरं कोणीही लावू शकतो. ती फक्त दावा सांगतात. वर्तुळातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच. नोंदणी नसताना ती आहे असं भासवायला १९९९ च्या कायद्यातलं १०७ वं कलम मनाई करतं. आणि नोंदणी देशादेशाची वेगळी असते, म्हणून जगभर वाचल्या जाणाऱ्या दस्तऐवजात ‘अमेरिकेत व इतर देशांत’ असे शब्द आढळतात.

नाव सैल सोडलं तर काय होतं, ते याच शहरातल्या कुठल्याही कोर्टाबाहेर दिसतं. ‘दोन झेरॉक्स काढा.’ झेरॉक्स हे खरं तर एका कंपनीचं नाव, पण यंत्र कुठल्याही कंपनीचं असो. म्हणूनच कंपन्या सांगतात की आमचं नाव विशेषणासारखं वापरा, नामासारखं किंवा क्रियापदासारखं नको.

(दृश्य: लेखक टंकतो आहे. एका परिच्छेदात प्रत्येक नावापुढे वर्तुळ. मग एकेक वर्तुळ नाहीसं होतं.)

दस्तऐवज लिहिण्याचं काम करताना हे सगळं एका परिच्छेदात येऊन ठेपतं. उत्साही माणूस पहिल्यांदा काय करतो, तर दिसेल त्या नावापुढे वर्तुळ चिकटवतो. दहा ओळींत पंधरा वर्तुळं. वाचवत नाही. दुसऱ्याच्या नावापुढे चिन्ह लावायची सक्ती सहसा कायदाही करत नाही. तो शिष्टाचार आहे. पहिल्या उल्लेखाला एकदा लावावं आणि सुरुवातीला मालकाची ओळ द्यावी, पुरे झालं. आज्ञा आणि फाइलींच्या मार्गात तर चुकूनही नको. फ्रीबीएसडीत लिनक्सचे प्रोग्राम चालवण्यासाठी जी डिरेक्टरी आहे तिचं नाव कॉम्पॅट आणि तिच्या पोटात लिनक्स, सगळं लहान लिपीत. तिथे कोणी वर्तुळ घातलं आणि वाचकाने ती ओळ उचलून टर्मिनलवर चिकटवली, तर ‘अशी फाइल नाही’ एवढंच उत्तर येणार.

मराठीत लिहिणाऱ्यापुढे आणखी एक अडचण उभी राहते. पुण्यात बसून लिनक्सचे मेनू आणि मदतीची पानं मराठीत आणणाऱ्यांनाही ती टाळता आली नसणार. आपले प्रत्यय नावाला चिकटतात: युनिक्सला, युनिक्समध्ये, युनिक्सचा. मग वर्तुळ घालायचं कुठे? ‘युनिक्स’ आणि ‘मध्ये’ यांच्या मधोमध घातलं तर शब्द फाटतो. शेवटी घातलं तर ‘मध्ये’ हाही चिन्हाचाच भाग वाटतो. यातून सुटायची एक साधी युक्ती आहे. पहिल्या उल्लेखाला नावापुढे एक सामान्य नाम ठेवायचं आणि प्रत्यय त्याला लावायचा: युनिक्स, मग वर्तुळ, मग ‘प्रणालीमध्ये’. नाव अखंड राहतं, प्रत्ययाला जागा मिळते आणि वकिलांना हवं असलेलं विशेषणही आपसूक होतं. दुसऱ्या उल्लेखापासून खुशाल ‘युनिक्समध्ये’ लिहावं.