टायरवाल्यांचा बूट

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या आज्याच्या पायात मी जन्मभर एकच प्रकार पाहिला. ट्रकच्या टायरची चप्पल. आमच्या परभणीकडच्या आठवडी बाजारात एक कारागीर जुनी टायरं घेऊन बसायचा. रापी पाण्यात बुडवायची आणि टायर कापायचं, पुन्हा बुडवायची, पुन्हा कापायचं. कोरड्या पात्याला रबर धरून ठेवतं, पाणी लागलं की सोडतं. मापाची पद्धत सोपी होती. टायरच्या तुकड्यावर गिऱ्हाइकानं पाय ठेवायचा, कारागिरानं भोवतीनं खडूची रेघ ओढायची. त्या चपलेच्या कडेला दोरे लोंबायचे आणि मी ते ओढत बसायचो. आजा ओरडायचा, "दोरा वढू नको रे, पदर सुटतेत!"

टायरमध्ये दोरे कशाला, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पुष्कळ वर्षांनी एका फ्रेंच बुटाची कुळकथा कळली, तेव्हा पडला.

त्या बुटाचं नाव पॅलेडियम. जाड कॅनव्हासचा, घोट्याच्या वर येणारा, पुढच्या चवड्यावर रबराची टोपी आणि खाली खोल खाचांचा तळवा. शहरातली पोरं आज हौसेनं घालतात. पण ही कंपनी बूट करायला निघालेलीच नव्हती. १९२० साली फ्रान्समधल्या लियाँ शहराकडे ती सुरू झाली ती विमानांची टायरं करायला.

आता टायरचं असं आहे की नुसतं रबर कामाचं नाही. हवा भरली की ते फुग्यासारखं फुगत जाईल. त्याला आवरून धरायला आत कापडाचे किंवा दोऱ्याचे थर घालावे लागतात. जुन्या काळी हे काम सुताकडे होतं, पुढं रेयॉन आलं, नायलॉन आलं. कॅनव्हासच्या पट्ट्यांचे थर एकावर एक बसवून ते रबराशी एकजीव करायचे, ही त्या कारखान्याची विद्या. मी लहानपणी ओढत होतो ते दोरे म्हणजे हेच, चाकाचं पोट बांधून ठेवणारे.

आणि एकजीव करायचे म्हणजे नुसते चिकटवायचे नव्हे. कच्चं रबर उन्हात वितळतं, थंडीत तडकतं. मराठवाड्याच्या मे महिन्यात तर त्याचा चिखलच व्हायचा. १८३९ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयर या माणसाला सापडलं की रबरात गंधक मिसळून ते तापवलं तर ते टिकाऊ होतं. यालाच व्हल्कनायझेशन म्हणतात. १८४४ साली त्यानं पेटंट घेतलं, कोर्टकचेऱ्या केल्या, आणि १८६० मध्ये कर्जातच मेला. त्याच्या नावाची टायर कंपनी निघाली ती १८९८ मध्ये. तिच्याशी त्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा काही संबंध नाही, फक्त नाव घेतलं. आपल्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत त्या नावाचा कारखाना आहे. तिथून जाताना पाटी वाचली की मला कंपनी आठवत नाही, तो कर्जबाजारी माणूस आठवतो.

असो. दुसरं महायुद्ध संपलं, लढाऊ विमानांची गरज आटली आणि टायरची मागणी बसली. कारखाना आहे, यंत्रं आहेत, कॅनव्हास आणि रबराची सोयरीक लावून देणारे हात आहेत, फक्त चाकं नकोत. मग १९४७ साली लियाँजवळच्या पाँ-द-शेरुई या गावी त्यांनी तीच विद्या पायाकडे वळवली. त्या वर्षी निघालेल्या बुटाला नाव दिलं पाम्पा. फ्रान्सच्या फॉरेन लीजननं, म्हणजे देशोदेशीच्या भरतीतून उभ्या केलेल्या पलटणीनं, तो उचलला आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात, डोंगरात वापरला. कातडी बूट भिजला की जड होतो आणि वाळला की लाकडासारखा कडक होतो. कॅनव्हास हलका, हवा खेळती ठेवणारा, भिजला तरी लवकर वाळणारा. वाळवंटात याहून जास्त काय पाहिजे?

बुटाच्या वारशाची गोष्ट सांगणारे बहुधा इथवर येऊन थांबतात. वाळू, साहस, शूर शिपाई. मला मात्र इथंच जरा अडखळायला होतं. ही फॉरेन लीजन १८३१ मध्ये उभी राहिली तीच अल्जीरिया जिंकण्याच्या कामी, आणि १९६२ साली तो देश स्वतंत्र होईपर्यंत ती तिथं होती. बूट निघाला त्या १९४७ साली आपण मराठवाड्यातली माणसंही निजामाच्या राज्यातच होतो. बाकी देशात तिरंगा फडकला, आपल्याला पुढं तेरा महिने वाट पाहावी लागली. तेव्हा शिपायाच्या बुटाची गोष्ट ऐकताना आपल्याकडच्या माणसाला त्या वाटेवरचं गावही दिसायला पाहिजे.

आणि हीच लीजन तिकडे व्हिएतनाममध्येही लढत होती. १९५४ साली दिएन बिएन फू इथं फ्रेंच हरले, त्या वेढ्यात लीजनच्या तुकड्या होत्या. त्यांच्यासमोरच्या व्हिएतनामी सैनिकांच्या पायात काय होतं, सांगू? टायरची चप्पल. वाहनांची टायरं कापून केलेले तळवे आणि ट्यूबचे पट्टे. त्यांचे नेते हो ची मिन्ह स्वतः तीच वापरत. त्यांचा जोड हनोईच्या संग्रहालयात ठेवला आहे. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ हसत होतो. आमच्या बाजारातल्या कारागिराला हे सांगितलं असतं तर त्यानं रापी खाली न ठेवता विचारलं असतं, "मग, त्याहिला केवढ्याला पडत होती?"

आपल्याकडे या जातीचे बूट आहेतच. हिरव्या कॅनव्हासचे, घोट्याच्या वरचे. दुकानदार त्यांना जंगल बूट म्हणतो. रानात ते कामाचे आहेत. ज्वारीची धसकटं, तुरीचे खुंट, सराटे, बाभळीचे काटे, शिवाय रात्री पिकाला पाणी द्यायला दाऱ्यावर जाताना घोणस. कॅनव्हास म्हणजे काही चिलखत नव्हे, घोणशीचे दात लांब असतात. तरी उघड्या पायापेक्षा केव्हाही बरं. अडचण आहे ती आपल्या काळ्या मातीची. वाळूतला बूट झटकला की मोकळा होतो, काळ्या रानातला होत नाही.

पहिल्या पगारातून मी आज्यासाठी असाच एक जोड घेतला होता. त्यानं तो उलटा करून तळवा पाहिला, आत हात घालून बोटं फिरवली आणि म्हणाला, "आन् ह्याच्यात चिखल शिरल्यावर काढावा कसा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो जोड त्यानं घातला फक्त सतरा सप्टेंबरला, मराठवाड्याच्या मुक्तिदिनी, शाळेतल्या झेंड्याला जाताना. घरी आला की पुसून, आत कागदाचे बोळे कोंबून कोनाड्यात ठेवायचा. आणि टायरची चप्पल पायात सरकवून बैलाकडे जायचा.

ते बूट केव्हाच विटले, कॅनव्हास घडीवर फाटला. चप्पल मात्र माळ्यावर अजून आहे. या भाषणाच्या निमित्तानं खाली काढली आणि कडेचे पदर मोजले. चार आहेत. एक दोरा अर्धवट ओढलेला आहे, तो माझा.

नमस्कार.