खरं ब्रह्मकमळ झेंडूच्या घराण्यातलं

नमस्कार मंडळी. ब्रह्मकमळ म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढे काय येतं ते मला माहितीये, गॅलरीतली कुंडी, पावसाळ्यातली रात्र, पांढरंशुभ्र फूल आणि अख्ख्या सोसायटीला फोन, या लवकर, उमललं! बोलावता तर निदान मसाला दूध तरी ठेवत जा हो, नुसत्या सेल्फीसाठी रात्री बाराला तीन जिने चढायला लावता. असो. तर ते आपलं घरचं निवडुंगाच्या जातीचं, मूळ मेक्सिको, मध्य अमेरिकेकडचं. आज बोलायचंय हिमालयातल्याबद्दल. ते साडेतीन-चार हजार मीटरवर दगडाधोंड्यांत उगवतं, सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांच्या घराण्यातलं, आणि उत्तराखंडचं राज्यफूल आहे.

आता किस्सा. उत्तराखंडात हेमकुंड साहिबला, शिखांच्या त्या उंचावरच्या गुरुद्वाऱ्याला चाललो होतो, पायथ्याच्या घांघरिया गावाहून सहा किलोमीटर, सगळा चढच, वरून पावसाची रिपरिप. ग्रुपमध्ये नाशिकच्या एक काकू होत्या, त्यांच्या घरी ब्रह्मकमळाच्या कुंड्याच कुंड्या, त्यामुळे या विषयात त्यांच्यापुढे कुणाचं काही चालेना. वर पोचता पोचता खच्चरवाला पोरगा थांबला नि म्हणाला, माताजी, ब्रह्मकमल. काकू म्हणाल्या, कुठंय? ये सामने. काकूंनी चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, इश्श, हा तर कोबीचा गड्डा! मग त्या पावसात मोबाईल काढून त्याला घरचे फोटो दाखवायला बसल्या, ये देखो, ये असली, रातको खिलता है. पोरग्याने एकेक फोटो नीट बघितला आणि शांतपणे म्हणाला, सुंदर है माताजी, पर यहाँ लगाओगे तो एक रात में मर जाएगा.

काकू गप्प. आम्ही हसू दाबतोय. मग त्या खाली बसल्या आणि एका बोटाने ते बाहेरचं पिवळट हिरवं, कागदासारखं पातळ पान हळूच बाजूला केलं. बाहेरून पाणी निथळतंय आणि आत गडद जांभळे गोंडे, एकदम कोरडे, वर एक चिलट आरामात बसलेलं. "अगं बाई, आत थेंब नाही गं!" वर लंगरात गरम खिचडी खाताना हेच त्या प्रत्येकाला सांगत होत्या, ओळख असो नसो.

गंमत तीच आहे. बाहेरच्या त्या पाकळ्या नाहीत, पानं आहेत. परत सांगतो, बाहेरची पानं, आतले जांभळे गोंडे ती फुलं, आणि झेंडूसारखंच एकेका गोंड्यात पुष्कळ बारकी फुलं. पातळ पानातून उजेड आत जातो, वारा-पाऊस बाहेर राहतो, आतली ऊब टिकते. ऐन पावसाळ्यात, त्या थंडीत फुलायचं तर दुसरं करणार काय!

हे फूल केदारनाथ, बद्रीनाथला वाहतात. नंदाष्टमीच्या, म्हणजे भाद्रपदातल्या नंदादेवीच्या सणाच्या आधी तोडायचं नाही असा गावोगावी रिवाज, तो मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण फुलातच खुडलं तर बी धरणार कधी? बी नाही तर पुढचं रोप नाही. आणि आपले लोक कॅरीबॅगेत घालून खाली आणतात, संध्याकाळपर्यंत त्याचा चोथा होतो. तिथे ब्लूटूथ स्पीकर लावणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही, वेळ संपेल.

बघायचं असेल तर ऑगस्टचा उत्तरार्ध, फार तर सप्टेंबरची सुरुवात. गोविंदघाट, तिथून घांघरिया, मग हेमकुंड. फुलांच्या घाटीत फिरून ब्रह्मकमळ दिसलं नाही म्हणून रुसू नका, ते वर हेमकुंडच्या बाजूला जास्त. आणि रेनकोट चांगला घ्या, ते दहा-वीस रुपयेवाले पहिल्याच वळणावर फाटतात.