दुबळं म्हणून हिणवलेलं बल

अध्यक्षांनी विषय मोठ्या थाटात वाचला: ‘आंतररेण्वीय बलं आणि सेंद्रिय संयुगांचे उत्कलनांक’. म्हणजे रेणू एकमेकांना किती घट्ट धरतात आणि त्यामुळे पदार्थ किती अंशांना उकळतो. तरी कुणी उठून गेलं नाही, म्हणजे मंडळी रसायनशास्त्राची आहेत किंवा नंतर चहा आहे. आधीच सांगतो, मी देणार ते आकडे समुद्रसपाटीचे. पुणे साडेपाचशे मीटरवर, इथं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. शंभर गाठायच्या आत उकळणं हा पुण्याचा स्वभावच, पाणी तरी काय करणार!

आता माझं जुनं दुखणं. एका परीक्षेत प्रश्न होता: क्लोरोफॉर्म आणि कार्बन टेट्राक्लोराइड, उत्कलनांक कुणाचा जास्त? सकारण लिहा. एका मुलीनं लिहिलं, टेट्राक्लोराइडचा. इलेक्ट्रॉन जास्त, म्हणून लंडन बल जास्त, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक हालचालीमुळे रेणूंमध्ये होणारं आकर्षण. नमुना उत्तरात मात्र क्लोरोफॉर्म, ‘कारण तो ध्रुवीय’, म्हणजे त्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण. मी पुस्तक उघडून मॉडरेटरांपुढे ठेवलं. क्लोरोफॉर्म 61, टेट्राक्लोराइड 77. ते चष्मा पुसत म्हणाले, “सर, असेलही. पण स्कीममध्ये नाही ना.” मी म्हटलं, “मग स्कीमच उकळून बघू या.” कुणी हसलं नाही. तुम्ही हसलात, आभार. पोरीचे दोन मार्क गेले ते गेलेच, आणि टेट्राक्लोराइड अजूनही 77 लाच उकळतोय.

क्लासमधून पोरं एकच मंत्र घेऊन येतात: उत्कलनांक जास्त दिसला की ‘हायड्रोजन बंध’ लिहा (ऑक्सिजन किंवा नायट्रोजनला जोडलेला हायड्रोजन दुसऱ्या अशाच अणूकडे ओढला जातो तो) आणि मोकळे व्हा. लंडन बलाला ‘सर्वांत दुबळं’ म्हणून एका ओळीत उरकतात. अहो, फ्रिट्झ लंडननं 1930 मध्ये पुंजयांत्रिकीतून त्याचा उलगडा केला! आणि ते प्रत्येक रेणूत असतं, ध्रुवीय असो वा नसो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे मुख्य विषय आता सुरू.

हायड्रोजन बंधाचा मान मी नाकारत नाही. इथेनॉल आणि डायमिथाइल ईथर, दोघांचं रेणुसूत्र एकच. पहिला 78 अंशांना उकळतो, दुसरा उणे 25 ला. ॲसिटिक आम्लाचे रेणू जोडीजोडीनं बांधले जातात, उत्कलनांक 118. ठीक. पण डेकेन बघा. नुसता कार्बन-हायड्रोजन, हायड्रोजन बंधाचा मागमूस नाही, आणि उत्कलनांक 174! पाण्यालाही मागे टाकलं. जोडीजोडीचं आकर्षण क्षीण असेल, पण लांब साखळीत ते जागोजागी लागतं, त्याची बेरीज होते.

आकारही बघा. सरळ पेंटेन 36, निओपेंटेन साडेनऊ. अणू तेच आणि तितकेच. शेवया एकमेकींना लगडतात, बुंदी सुटी राहते, तसंच. गोल रेणूला टेकायला पृष्ठभागच कमी.

शेवटचं, घाईत. हायड्रोजन बंध स्वतःच्याच रेणूत अडकला तर शेजाऱ्याला धरायला उरत नाही. ऑर्थो-नायट्रोफेनॉलचं हेच होतं. मिश्रणात वाफ सोडली की तो वाफेबरोबर निघून येतो, त्याचाच भाऊ पॅरा, ज्यात ते गट एकमेकांपासून लांब असल्यानं बंध शेजाऱ्याशी होतो, तो फ्लास्कमध्येच राहतो. प्रॅक्टिकलला तुम्ही केलंय हे. बाकी प्रश्न बाहेर विचारा, हॉल रिकामा करायचाय.